गंगाथडी : गोदावरीचा काठ आणि मराठी वाङ्मयातील स्थलभान

मराठी प्रदेशाच्या सांस्कृतिक इतिहासात गोदावरीला जे स्थान आहे, त्याचा उल्लेख आपल्या वाङ्मयेतिहासांत वारंवार येतो. ‘दक्षिणगंगा’, ‘गौतमी’, ‘संतांच्या मांदियाळीची माय’ अशी विशेषणे तिला लावली जातात आणि विवेचन पुढे सरकते. या विशेषणांमुळे नदीविषयीचा आदर व्यक्त होतो हे खरे. परंतु नदीने वाङ्मयाला नेमके काय दिले, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गोदावरीने मराठी वाङ्मयाला प्रामुख्याने ‘काठ’ दिला, वाहते पाणी त्यामानाने कमी दिले, असे येथे सुचवावयाचे आहे. हे वाङ्मय नदीच्या मध्यभागी उभे राहून लिहिलेले नाही, ते थडीवर बसून लिहिलेले आहे. म्हणूनच गेल्या अर्धशतकात हा काठच जागचा हलला, ही घटना पाटबंधाऱ्यांच्या इतिहासापुरती मर्यादित राहत नाही. ती वाङ्मयाच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावी लागते.

१. नदीचे नाव आणि काठाचे नाव

नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या बोलीत गोदावरीला ‘गोदावरी’ म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. ती ‘गंगा’ आहे. गंगेवर जाणे, गंगेला पूर येणे, गंगा आटणे हे सारे शब्दप्रयोग गोदावरीविषयीचे असतात, आणि उत्तरेतील गंगेचा निर्देश करायचा झाला तर ‘काशीची गंगा’ असे मुद्दाम सांगावे लागते. या नामकरणाला पौराणिक आधार आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात गौतम ऋषीच्या तपाने शिवाच्या जटेतील गंगा ब्रह्मगिरीवर अवतरल्याची कथा येते. परंतु बोलीतील ‘गंगा’ ही पुराणाचा पाठ म्हणून टिकलेली नाही. रोजच्या व्यवहारातील जवळिकेने ते नाव रुळले आहे.

याहून महत्त्वाचा शब्द ‘गंगाथडी’ हा होय. ‘थडी’ म्हणजे काठ. मात्र येथे काठ या शब्दाचा अर्थ पाण्याची कड एवढाच नाही. गंगाथडी म्हणजे गोदावरीच्या दोन्ही बाजूंचा, तिच्या गाळावर पिकणारा, तिच्या घाटांवर बाजार भरणारा आणि सोयरिकी जुळविणारा सलग प्रदेश. भीमेच्या काठाला ‘भीमथडी’ म्हटले गेले, तेथील तट्टांनी ते नाव दूरवर नेले आणि इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यातील एका तालुक्यालाही तेच नाव होते. म्हणजे नदीच्या नावाला ‘थडी’ जोडून मुलूख ओळखण्याची ही मराठीची रीतच आहे. खोरे हा शब्द पाणलोट सांगतो, प्रांत हा शब्द सत्ता सांगतो; थडी हा शब्द वस्ती सांगतो.

भाषेतील इतर प्रयोग पाहिले तर हेच भान अधिक स्पष्ट होते. काम ‘तडीस’ जाते, म्हातारपणी ‘पैलतीर’ दिसू लागतो, साठविलेला पैसा ‘गंगाजळी’ होतो आणि अवघड कार्य पार पडले की ‘गंगेत घोडे न्हाले’ असे म्हणतात. या बहुतेक प्रयोगांत बोलणारा काठावरचा आहे किंवा काठाकडे निघालेला आहे.

२. खोऱ्याची घडण

काठाला एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर काही अंशी भूगोलात सापडते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघ्या ८० किलोमीटरांच्या आसपास आहे. तरीही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. दारणा, प्रवरा, सिंदफणा आणि मांजरा या उजव्या बाजूने, तर कादवा, शिवना, दुधनेसह पूर्णा आणि पुढे प्राणहिता या डाव्या बाजूने तिला मिळतात.

साहित्याच्या अभ्यासकाला या माहितीतील तीन गोष्टी विशेष उपयुक्त आहेत. पहिली पावसाची. उगमाकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, परंतु घाटमाथा सोडून पूर्वेकडे येताच पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि पैठणच्या आसपास पावसाचे वार्षिक मान सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटरांवर येते. त्यामुळे मधल्या टप्प्यात नदीत येणारे पाणी बव्हंशी दुसऱ्याच्या आभाळातले असते. दुसरी गोष्ट जमिनीची. दख्खनच्या काळ्या पाषाणातून नदीने रुंद, उथळ आणि मंद उताराचे खोरे कोरले आहे. त्यामुळे पैठणपासून पुढे काठ बहुतेक ठिकाणी दुर्गम नाही. गाव थेट पाण्यापर्यंत उतरू शकते. तिसरी गोष्ट ऋतूची. वर्षभराच्या प्रवाहाचा फार मोठा भाग जून ते ऑक्टोबर या महिन्यांत वाहून जातो. उरलेल्या काळात पात्राचा मोठा भाग उघडा पडतो, धार एका कडेला सरकते आणि मध्ये वाळवंट तयार होते.

या तीन गोष्टींमुळे गोदावरीच्या काठावर काही ठरावीक जागा घडल्या आणि मराठीने त्यांना नेमकी नावे दिली. जेथे पायी पलीकडे जाता येते तो ‘उतार’, जेथे पाणी कधी आटत नाही तो ‘डोह’, उन्हाळ्यात उघडे पडणारे ते ‘वाळवंट’, पूर ओसरल्यावर पिकणारी ती ‘मळई’, दोन नद्यांची भेट तो ‘संगम’ आणि दगडी पायऱ्यांचा ‘घाट’. पुढे ज्या ग्रंथांचा विचार करावयाचा आहे, त्यांतील प्रसंग बहुतांशी याच जागांवर घडतात.

३. गाथांमधील उतार आणि कुंज

गोदाकाठचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लौकिक काव्य म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती. तिचे संकलन हाल सातवाहनाच्या नावावर आहे आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, गोदावरीच्या काठावर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या पेठांतून भडोच बंदराकडे माल जात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे गाथांची नदी निर्जन अरण्यातली नव्हती. ती एका संपन्न व्यापारी मुलखातली होती. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून मराठीच्या वर्गांत हा ग्रंथ सुलभ झाला आहे.

गाथांत गोदावरी ‘गोला’ या प्राकृत नावाने येते. तिचे वर्णन जवळजवळ नाही. तिच्या रूपाची, तिच्या पावित्र्याची स्तुतीही नाही. तिच्या जागा मात्र आहेत. एका गाथेतील तरुणी गोदावरीच्या विषम उताराचे निमित्त करून प्रियकराच्या छातीवर स्वतःला झोकून देते. उतार खडबडीत आहे, पाय घसरू शकतो, हात देणे भाग आहे, ही भौगोलिक वस्तुस्थिती येथे शृंगाराची सबब बनते. उतार नसता तर गाथाच झाली नसती.

दुसरी गाथा भारतीय काव्यशास्त्रात अजरामर झाली आहे. गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्रास देणाऱ्या कुत्र्याला मारले, तेव्हा आता निर्धास्तपणे हिंडा, असे एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते. वाच्यार्थ निमंत्रणाचा, व्यंग्यार्थ मनाईचा. काठावरची झाडी हे तिचे संकेतस्थळ आहे आणि तेथे या गृहस्थाची वर्दळ तिला नको आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचे स्वरूप स्पष्ट करताना हीच गाथा उदाहरणादाखल घेतली. गोदेच्या थडीवरील एका झुडपाने भारतीय साहित्यविचाराला त्याचे एक मूलभूत उदाहरण पुरविले, ही बाब आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. येथेही अर्थाची सारी भिस्त जागेवर आहे. काठ हा कोणाचा, तेथे कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हा प्रश्न या चिमुकल्या गाथेत आहे. पुढील बाराशे वर्षांत हाच प्रश्न गोदाकाठच्या वाङ्मयात वेगवेगळ्या रूपांत परत येतो.

४. उभय गंगातीर : महानुभावांचा भूगोल

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राने मराठी गद्याचा पाया घातला, हे आपण शिकवितो. त्याने मराठी स्थलवर्णनाचाही पाया घातला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. आठवण सांगणाऱ्याला प्रसंगाबरोबर जागाही आठवते. त्यामुळे लीळेत गाव, देऊळ, पटांगण, नदीकडे जाणारी वाट यांचे उल्लेख सहज येतात. पैठण, डोमेग्राम यांसारखी गोदाकाठची ठिकाणे चरित्रनायकाच्या वास्तव्यामुळे पंथाच्या स्मरणात कायमची बसली.

या स्मरणाला पुढे शास्त्राचे रूप मिळाले. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात, चक्रधर आणि पंथातील इतर अवतार जेथे बसले, निजले, जेवले, त्या स्थानांची नोंद गावाच्या संदर्भात, दिशा सांगून केली आहे. जगातल्या फार थोड्या भाषांना त्यांच्या गद्याच्या आरंभकाळातच असा पायी फिरून तपासता येणारा ग्रंथ लाभला असेल.

येथे एक सैद्धांतिक भेद लक्षात घ्यावा लागतो. गौतमीमाहात्म्याच्या दृष्टीने पाणी पवित्र आहे; ते ज्या ज्या ठिकाणी स्पर्श करते ते तीर्थ होते. महानुभावांना ही कल्पना मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने ईश्वरावताराचा संबंध आलेले स्थान पवित्र, नदी नव्हे. म्हणून लीळाचरित्रातील गोदावरी ही देवता नाही. तिच्यात लोक स्नान करतात, तिच्या काठाने चालतात, पलीकडे जातात. पावित्र्याचे वलय दूर झाल्यामुळे तिचा लौकिक काठ अधिक स्पष्ट दिसतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य आहे.

याच परंपरेने काठाला प्रादेशिक संज्ञेचा दर्जा दिला. चक्रधरांनी अनुयायांना महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली. त्या आज्ञेवरील भाष्यात महाराष्ट्र म्हणजे कोणता प्रदेश याचा खुलासा येतो. मराठी भाषा जेथे चालते त्या मुलखाचे तेथे निरनिराळे खंड कल्पिले आहेत आणि ‘उभय गंगातीर’ हा त्यांतील एक स्वतंत्र खंड मानला आहे. ‘उभय’ हा शब्द येथे कळीचा आहे. नदी म्हणजे दोन मुलखांची सीमा, अशी समजूत राजकीय नकाशे पाहून होते. या भाष्यकाराला मात्र दोन्ही काठ मिळून एकच प्रदेश दिसतो. नदी त्याची मध्यरेषा आहे, सरहद्द नाही. ‘गंगाथडी’ या लोकशब्दाचाही आशय हाच आहे.

महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थाचा सर्वांत सखोल अभ्यास अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी केला आहे. ‘वॉटर अँड वुमनहुड’ (१९९५) या ग्रंथात त्यांनी नदीचे स्त्रीत्व, तिचे सवाष्णपण, तिची अन्न आणि अपत्य देणारी शक्ती यांचा वेध घेतला, तर ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) मध्ये तीर्थयात्रांतून प्रदेशाचे भान कसे घडते हे दाखविले. त्यांचा भर कर्मकांड, कथा आणि यात्रा यांवर आहे. येथे त्याला एवढीच जोड द्यावीशी वाटते की वाङ्मयीन ग्रंथांच्या भाषेतही प्रदेशाचे हे भान काठाच्या शब्दांतून व्यक्त होते आणि ते कर्मकांडावाचूनही टिकते.

५. ज्ञानेश्वरीने दिलेला पत्ता

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथ कोठे आणि केव्हा सिद्ध झाला हे सांगितले आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०; राज्य यादवनृपती रामचंद्राचे; स्थळ नेवासे. नेवासे प्रवरेच्या काठी आहे. १९५४ नंतर ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या उत्खननांनी प्रवरेच्या या काठावरील मानवी वस्तीचा धागा थेट प्रागैतिहासिक काळापर्यंत नेला. म्हणजे प्रवरा ही काही नगण्य नदी नव्हे.

असे असूनही ज्ञानदेव त्या ठिकाणी प्रवरेचे नाव घेत नाहीत. महाराष्ट्रमंडळात, गोदावरीच्या दक्षिण बाजूच्या काठावर, पंचक्रोशीच्या क्षेत्रात, असा पत्ता ते देतात. गोदावरीचे प्रत्यक्ष पात्र नेवाशापासून काही कोसांवर, प्रवरासंगमाकडे आहे. याचे सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण असे की गोदावरी अधिक पवित्र, म्हणून तिचा निर्देश. ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण अपुरे आहे. वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहिले तर ज्ञानदेव येथे नदीचे अंतर मोजत नाहीत, मुलखाचे नाव सांगत आहेत. नेवासे गंगाथडीत आहे. महाराष्ट्र हे मोठे मंडळ, त्यात गोदावरीचा काठ हा खंड, त्यात पंचक्रोशीचे क्षेत्र, असा हा पत्ता बाहेरून आत येत जातो. महानुभाव भाष्यातील ‘उभय गंगातीर’ आणि ज्ञानेश्वरीतील गोदावरीचा काठ हे परस्परांपासून भिन्न असलेल्या दोन संप्रदायांचे उल्लेख आहेत. तरीही भूगोलाच्या बाबतीत ते एकमेकांशी जुळतात. दोन पंथांचे तत्त्वज्ञान वेगळे, थडी एक.

६. वाळवंटावरची कसोटी

सोळाव्या शतकात एकनाथांच्या रूपाने पैठणचा काठ पुन्हा मराठी वाङ्मयाच्या केंद्रस्थानी आला. एकनाथी भागवताची सुरुवात पैठणला झाली आणि समाप्ती १५७३ साली वाराणसीत झाली. एका गंगेवर आरंभ, दुसऱ्या गंगेवर शेवट. परंतु गोदाकाठाच्या दृष्टीने नाथांच्या ग्रंथांइतक्याच त्यांच्या चरित्रकथाही बोलक्या आहेत. या कथा अठराव्या शतकात महिपतीने भक्तविजय (१७६२) आणि भक्तलीलामृत (१७७४) या ग्रंथांतून घरोघर पोहोचविल्या.

त्यांतील एक कथा सर्वपरिचित आहे. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्य स्त्रीचे मूल रडत पडले होते. नाथांनी ते उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या आईकडे पोहोचविले. ही कथा करुणेची म्हणून सांगितली जाते. तिचा भूगोल मात्र सहसा कोणी पाहत नाही. घाट हा ब्राह्मणांच्या स्नानसंध्येचा. तेथे ते मूल येऊ शकत नव्हते. गाव जातीनिहाय आळ्यांत विभागलेले. तेथे नाथ आणि ते मूल समोरासमोर येण्याचा संभव नव्हता. वाळवंट ही एकच जागा अशी होती, जी वर्षातून आठ महिने कोणाच्याच मालकीची नसे. नदी मागे सरकली की ती उघडी पडते, पूर आला की नाहीशी होते. गावाच्या नियमांना तेथे पक्की मुळे धरता येत नाहीत. म्हणून ही भेट वाळवंटातच घडू शकते. गौतमीमाहात्म्यात पाणी पवित्र आहे, महानुभावांत स्थान पवित्र आहे. नाथांच्या कथेत आचरणाची कसोटी आहे आणि ती पाण्यापासून काही पावले दूर, कोरड्या वाळूवर लागते.

अर्थात या उदारतेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका संताने एका दुपारी केलेली कृती कथा बनली, याचाच अर्थ ती नित्याची नव्हती. १९३० साली याच नदीच्या काठी, नाशिकच्या पंचवटीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करावा लागला. काठ कोणाचा, हा गाथेतला प्रश्न तोपर्यंत सुटलेला नव्हता. पुढे दलित साहित्याने पाणवठ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिची पूर्वपीठिका अशा काठांवरच आहे.

आधुनिक कवितेत गोदावरी वर्णनविषय झाली. चंद्रशेखरांचे ‘गोदागौरव’ हे या प्रकारातील ठळक उदाहरण. परंतु काठाचे जुने भान तेथेही संपले नाही. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेतील गंगामाई पुराच्या रूपाने घरात येते ती पाहुणी म्हणून, माहेरवाशिणीच्या मोकळेपणाने. घर वाहून गेले तरी बोलणाऱ्याच्या स्वरात नदीविषयी वैर नाही. नाशिकमध्ये आयुष्य घालविलेल्या कवीच्या या कवितेत ‘गंगा’ हा थडीवरचा शब्द आहे, आणि नदीशी सोयरिकीचे नाते जोडण्याची रीतही थडीवरचीच आहे.

७. सरकलेला काठ

१९६५ साली पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी साठते आणि भरलेला जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटर भूमी व्यापतो. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीला आणि पुढे शहरांना, उद्योगांना या पाण्याने आधार दिला, हे निर्विवाद आहे. उथळ खोऱ्यात धरण बांधले की पाणी खोल साठत नाही, ते पसरते. खोऱ्याची जी रुंद, मंद घडण काठावरच्या वस्तीला अनुकूल ठरली, तीच बुडिताचे क्षेत्रही विस्तीर्ण करणारी ठरली. शंभरावर गावांना याची झळ पोहोचली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने यातील एक गोष्ट नोंदवावयास हवी. पैठणपासून वर प्रवरासंगम आणि कायगाव टोक्यापर्यंतचा हा पट्टा म्हणजे गंगाथडीचा गाभा होय. एका टोकाला सातवाहनांचे आणि नाथांचे पैठण, दुसऱ्या टोकाला ज्ञानेश्वरीच्या नेवाशाकडे जाणारा संगम, आणि मधल्या वाटा महानुभावांच्या भ्रमंतीच्या. नाथांनी १५९९ साली वाहत्या गोदावरीत देह ठेवला असे परंपरा मानते. आज त्यांच्याच नावाचा ‘नाथसागर’ म्हणजे अडवलेले पाणी आहे. यातील विरोधाभासाकडे उपरोधाने पाहण्याचे कारण नाही. नाव देणाऱ्यांची भावना आदराचीच होती. पण नाव टिकले आणि जागा गेली, ही वस्तुस्थिती आहे.

जलाशयाचा काठ हा नदीच्या काठासारखा नसतो. नदीचा काठ पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी असतो, म्हणून त्यावर घाट बांधता येतो आणि ग्रंथात त्याची नोंद करता येते. जलाशयाचा काठ महिन्यागणिक सरकतो. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत ‘गाळपेर’ केली जाते. बुडालेल्या गावांतील कुटुंबे काही वेळा आपल्याच जुन्या शिवारात हंगामापुरती शेती करतात आणि पाणी वाढले की मागे हटतात. ‘थडी’ या शब्दातील स्थैर्य येथे उरलेले नाही. ‘गाळपेर’ हाच नव्या काठाचा शब्द झाला आहे.

धरणाच्या खालच्या बाजूस परिस्थिती याच्या उलट आहे. तेथे पाणी सोडले तरच नदी वाहते. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल अशा ठिकाणी बंधारे झाले आणि पात्राचे डबक्यांच्या साखळीत रूपांतर झाले. ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव आज बंधाऱ्याच्या नावानेही ओळखले जाते. वाळवंटाची वाळू बांधकामांसाठी उपसली जात आहे. ज्या वाळूवर नाथांची कथा उभी आहे, ती वाळूच वाहनांत भरून दूर नेली जाते. वरच्या बाजूस, नाशिकला, रामकुंडाच्या परिसरात पात्रातच काँक्रीट पडले. नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे की नाही, या प्रश्नावर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर वारंवार वाद झाले. ‘उभय गंगातीर’ या कल्पनेत नदीच्या आडव्या बाजूचे दोन काठ एकत्र होते. आज वरचा काठ आणि खालचा काठ अशी नवी विभागणी झाली आहे आणि तीत एकत्वाचे भान शिल्लक राहिलेले नाही.

मराठी साहित्याने धरणाचा अनुभव मांडला नाही असे नाही. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या मजूर स्त्रीच्या तोंडून श्रमाचे आणि तहानेचे नाते सांगितले. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीने विस्थापितांची फरफट वाचकांसमोर आणली. परंतु गंगाथडीच्या बुडिताची, म्हणजे ज्या काठावर मराठी वाङ्मयाचे आद्यग्रंथ घडले त्या काठाच्या बुडिताची, त्या तोलाची कादंबरी निर्माण झालेली दिसत नाही. या उणिवेची कारणे शोधणे हाही संशोधनाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

८. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनातून पदव्युत्तर अध्ययनासाठी काही दिशा सुचतात. पहिली, ‘स्थानपोथी’ आणि लीळाचरित्र हे ग्रंथ बुडीत क्षेत्राच्या धरणपूर्व नकाशांशी ताडून वाचणे. भाषिक पाठचिकित्सेचे काम आपल्याकडे वि. भि. कोलते यांच्यासारख्या विद्वानांनी केले. त्याला स्थलचिकित्सेची जोड मिळाली पाहिजे. दुसरी, काठाच्या शब्दांचा कोश. उतार, डोह, मळई, थडी, पाणंद हे शब्द विद्यार्थ्यांना आज टीपेशिवाय कळत नाहीत. आणि शब्द कळला नाही की गाथेतील शृंगार कळत नाही, लीळेतील वाटही कळत नाही. तिसरी दिशा सर्वांत निकडीची आहे. १९७६ साली विशी ओलांडलेली माणसे आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. बुडालेल्या गावांचे घाट, यात्रा, उतारांची नावे, जात्यावरील ओव्यांतील गंगा हे सारे त्यांच्या स्मरणात आहे आणि आणखी दहा-पंधरा वर्षांनी ते कोठेही असणार नाही. म्हाइंभटांनी जे केले तेच आज करावयाचे आहे : ज्यांना आठवते त्यांच्याकडे जाणे, विचारणे आणि जागेसह लिहून घेणे.

काठ होता तोवर वाङ्मयाला त्याचा आधार होता. काठ नाहीसा झाल्यावर त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वाङ्मयच उरते. गोदावरीच्या बाबतीत ही उलटापालट आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला आजही दिंड्या पैठणला येतात, धरणाच्या भिंतीखाली उरलेल्या पात्रात उतरतात आणि स्नानासाठी वरून पाणी सोडले जाण्याची वाट पाहतात. त्या वारकऱ्याच्या मुखी जे नाव असते ते ‘गंगा’ हेच. नाव शाबूत आहे. त्या नावामागचा मुलूख शाबूत राखण्याचे, निदान ग्रंथांत आणि स्मरणात राखण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांकडे आले आहे, एवढेच या निबंधाच्या निमित्ताने सांगावयाचे होते.